बिनकासऱ्याची गाडी



वैशाखातल्या या उकाड्यात वाऱ्याची एखादी झुळूक मिळेल या आशेने आपण मोकळ्या पटांगणात येऊन बसला आहात, आणि आम्ही बोलणार आहोत ते शून्याखाली बावीस अंशांवरच्या एका सकाळीबद्दल. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही तो सांगितला आणि त्यांनी तो पुन्हा एकदा विचारून घेतला. तरीसुद्धा पत्रकात 'कुत्र्यांची शर्यत' एवढेच छापून आले. त्यामुळे सशामागे धावणाऱ्या शिकारी कुत्र्यांची गोष्ट ऐकायला मिळेल, अशा समजुतीने कोणी आले असेल तर त्यांची आधीच क्षमा मागतो. आमची शर्यत गाडीची आहे. गाडी हलकी, चाके नसलेली. तिच्या तळाशी दोन लांब पट्ट्या असतात आणि त्यांवरून ती बर्फावर घसरत जाते. तिला स्लेज म्हणतात. पुढे दोराला जुंपलेली कुत्री आणि मागे पट्ट्यांच्या टोकांवर उभा राहिलेला माणूस. या माणसाला मशर म्हणतात. चालण्याची आज्ञा देणाऱ्या एका फ्रेंच शब्दावरून हे नाव आल्याचे सांगतात. 'मश' असे ओरडून कुत्र्यांना हाकणारा माणूस मात्र आम्हांला सिनेमाबाहेर कधी भेटला नाही.

नोकरीच्या निमित्ताने आम्ही काही वर्षे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात होतो. त्या राज्याच्या ईशान्येस सुपीरियर नावाचे सरोवर आहे. सरोवर म्हणावयाचे खरे, पण क्षेत्रफळाने ते महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्शाहून मोठे आहे. त्याच्या उत्तर काठाने एकोणिसाव्या शतकात धड रस्ता नव्हता. १८७९ ते १८९९ अशी वीस वर्षे जॉन बेअरग्रीस नावाचा अनिशिनाबे जमातीचा एक टपालवाला टू हार्बर्सपासून ग्रँड मराईपर्यंत पत्रे नेत असे, उन्हाळ्यात होडीतून आणि हिवाळ्यात कुत्र्यांच्या गाडीतून. आपल्याकडच्या हरकाऱ्याच्या काठीला जसे घुंगूर, तशा त्याच्या कुत्र्यांच्या गळ्यात घंटा असत, आणि त्या ऐकू आल्या की काठावरची माणसे दारात येऊन उभी राहत. पुढे रस्ता झाला, घोडागाडी आली, आणि कुत्र्यांचे ते काम संपले. त्याच काठावर १९८० साली एक लांब पल्ल्याची शर्यत सुरू झाली. ती आज बेअरग्रीसच्याच नावाने ओळखली जाते.

हे सर्व सांगण्याचे कारण असे, की ही शर्यत म्हणजे श्रीमंतांनी काढलेले नवे खूळ नव्हे. सैबेरियाच्या उत्तरेस झोखोव्ह नावाचे बेट आहे. तेथे सापडलेल्या एका कुत्र्याच्या अवशेषांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. ते कुत्रे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे आणि आजच्या गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांच्या घराण्याशी जवळचे नाते असलेले निघाले. म्हणजे आपल्या बैलगाडीपेक्षाही ही गाडी जुनी. ट्रॅक्टर आला तेव्हा बैलाचे जे झाले, तेच तेथे १९६० नंतर बर्फावरची मोटारसायकल आल्यावर कुत्र्याचे झाले. अलास्कात जो रेडिंग्टन या गृहस्थांनी १९७३ साली हजार मैलांची इडिटारोड शर्यत उभी केली, ती मुख्यतः या भीतीने, की काम गेले म्हणजे कुत्रीही जातील. कामासाठी घडवलेल्या जनावराचे काम संपल्यावर त्याला जिवंत ठेवावयाचे तर शर्यत हा एक मार्ग उरतो. आपल्या शंकरपटाविषयी बोलणारे शेतकरी नेमके हेच म्हणत आले आहेत. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या शर्यती बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरात आपल्या राज्यात त्यांना पुन्हा परवानगी मिळाली आणि २०२३ साली घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. या अवधीत दोन्ही बाजूंनी काय काय बोलले गेले ते आपण ऐकलेच आहे. तो वाद आज येथे काढत नाही. पण आमच्या मनात तो होता, आणि त्या बर्फावर उभे असताना आम्ही पुन्हा पुन्हा दोन गाड्या शेजारी ठेवून पाहत होतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

आमची शर्यत हजार मैलांची नव्हती. ईली या गावाच्या परिसरात, हौशी लोकांसाठी ठेवलेली ती आठ मैलांची धाव होती. चार कुत्र्यांची गाडी आणि चौदा स्पर्धक. त्यांत एक दंतवैद्य, दोन शाळामास्तर, एक आजोबा आणि एक अकरा वर्षांचा मुलगा. कुत्री आमची स्वतःची नव्हती. त्या भागात राहणाऱ्या एका साठीच्या बाईंकडे चोवीस कुत्री होती, त्यांनी आम्हांला चार दिली. पण त्याआधी डिसेंबर-जानेवारीतले सात शनिवार त्यांच्या घरी राबवून घेतले. पहिले तीन शनिवार आम्ही गाडीला हातही लावला नाही. विष्ठा उचलली, गवत पसरले, मांसाचे तुकडे टाकलेले कोमट पाणी वाढले. थंडीत नुसते पाणी कुत्री पीत नाहीत, म्हणून त्याला मांसाची चव आणावी लागते. बाईंचे म्हणणे असे, की ज्याला कुत्र्याची विष्ठा पाहून त्याच्या पोटाची स्थिती सांगता येत नाही त्याने गाडीवर उभे राहू नये. आमच्या पुणेरी नाकाला हे जड गेले, पण त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते.

ही कुत्री दिसावयास आपण चित्रांत पाहतो तशी नसतात. निळ्या डोळ्यांची, झुपकेदार केसांची जी कुत्री आपल्या डोळ्यांपुढे येतात ती सैबेरियन हस्की. शर्यतीतली बहुतेक कुत्री अलास्कन हस्की म्हणून ओळखली जातात. ती नोंदलेली जातच नव्हे. जो चांगला ओढतो, चांगला खातो आणि ज्याचे पाय टिकतात त्याची पैदास करावयाची, एवढाच नियम. वजन वीस-पंचवीस किलो, अंग सडपातळ, कान कसेही. आमच्या पुण्यातल्या गल्लीत ही चार कुत्री सोडली असती तर कोणी वळूनही पाहिले नसते. पर्ल ही म्होरकी, सात वर्षांची. तिच्या जोडीला जॅक. मागे गाडीलगत मूस आणि टिली. गाडीलगतच्या जोडीवर वळणाचा सारा ताण येतो, म्हणून तेथे अंगाने भक्कम कुत्री लावतात. टिली अंगाने तशी नव्हती, पण हट्टाने होती.

आता गाडी हाकण्याचे शास्त्र. श्रोत्यांत ज्यांनी बैलगाडी हाकली असेल त्यांना आम्ही विचारतो, की कासरा नाही, वेसण नाही, हातात चाबूक नाही, आणि म्होरके जनावर आपल्यापासून पाच-सहा मीटर पुढे, अशी गाडी आपण हाकाल काय? येथे हाती असतो तो आवाज. 'जी' म्हटले की उजवीकडे, 'हॉ' म्हटले की डावीकडे, 'ऑन बाय' म्हणजे वाटेत दुसरे कुत्रे असो वा ससा असो, तिकडे न बघता पुढे चला. यांतले 'जी' आणि 'हॉ' हे तिकडच्या नांगरणाऱ्या शेतकऱ्यांचे, बैलांशी बोलण्याचे शब्द आहेत. ते ऐकून आम्हांला परक्या मुलखात गाववाला भेटल्यासारखे झाले. आज्ञा ओरडून द्यावयाची नसते. कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा तीक्ष्ण. ओरडणारा माणूस घाबरलेला आहे एवढेच त्याला त्यातून कळते.

आणि आज्ञा दिली म्हणजे ती पाळली जाईलच असे नाही. चांगला म्होरक्या कधी कधी पाळत नाही, आणि त्यासाठीच त्याची किंमत असते. १९२५ सालच्या जानेवारीत अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली. औषध आगगाडीने नेनानापर्यंत पोहोचले. तेथून पुढे ६७४ मैल वीस गाडीवानांनी हातोहात नेले. त्यांतले बरेचसे तिथले मूळ रहिवासी होते, आणि त्यांची नावे वर्तमानपत्रांनी फारशी छापली नाहीत. शेवटच्या भागात गनर कासन याला वादळात स्वतःची गाडीलगतची कुत्रीसुद्धा दिसेनात. वाट बाल्टो या म्होरक्याने राखली. २ फेब्रुवारीला औषध गावात आले. बाल्टोचा पुतळा त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात उभा राहिला. लिओनार्ड सेप्पाला याचा टोगो त्या दौडीत याहून कितीतरी अधिक अंतर धावला होता. त्याचे नाव मागाहून पुढे आले. असो. सांगावयाचे हे, की त्या वादळात माणसाने कुत्र्याला नेले नाही. कुत्र्याने माणसाला नेले, आणि त्याच्या मागे निमूट उभे राहण्याइतकी अक्कल माणसाला होती.

मग माणसाचे काम काय? आम्हीही हाच प्रश्न बाईंना विचारला. त्यांनी गाडीच्या मागे बोट दाखवले. तेथे दोन पोलादी दातांचा ब्रेक, त्याच्या शेजारी रबरी पट्टा, आणि दोरीला बांधलेला एक लोखंडी आकडा. हा आकडा बर्फात रोवला की गाडी जागच्या जागी राहते. म्हणजे हाती जेवढी साधने होती तेवढी सगळी थांबवण्याची. चालवण्याचे एकही नाही. पहिला नियम असा, की काहीही झाले तरी गाडीचा हात सोडावयाचा नाही. पडलात तर फरफटत जा, पण सोडू नका. कारण माणूस पडला म्हणून ही कुत्री थांबत नाहीत.

आता आपल्यांपैकी काहींच्या मनात एव्हाना प्रश्न आला असेल, की त्या मुक्या जनावरांना हे आवडते काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर एका शब्दात देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. शर्यतीच्या सकाळी आम्ही जे पाहिले ते असे. साज हातात घेताच चाळीस-पन्नास कुत्री एकदम ओरडू लागली. भुंकणे नव्हे, किंचाळणे. शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येईना. जुंपलेले प्रत्येक कुत्रे चारी पाय जमिनीवरून उचलून पुढे उड्या घेत होते. गाडी मागून मोटारीला बांधलेली, आणि कुत्र्यांना धरावयास चार माणसे. भीतीने ओढणारे जनावर असे वागत नाही, एवढे आम्ही निःशंकपणे सांगतो. पण याचा अर्थ सारे आलबेल आहे असा नव्हे. अमुंडसेन १९११ साली दक्षिण ध्रुवाकडे बावन्न कुत्री घेऊन निघाला आणि अकरा घेऊन परतला. त्यांतली चोवीस त्याच्या माणसांनी डोंगरमाथ्यावर पोहोचताच ठरल्याप्रमाणे मारली, माणसांच्या आणि उरलेल्या कुत्र्यांच्या अन्नासाठी. तीही कुत्री आनंदानेच धावली असतील. इडिटारोडमध्येही कुत्री मेल्याच्या नोंदी आहेत आणि त्यावरून तेथे मोठा वाद चालतो. कुत्र्याच्या आनंदाने माणसाची जबाबदारी संपत नाही. आमच्या मते ती तेथूनच सुरू होते, कारण ज्याला थांबणे ठाऊक नाही त्याच्याऐवजी थांबण्याचा विचार दुसऱ्या कोणीतरी करावा लागतो.

पशुवैद्यांनी सकाळीच प्रत्येक कुत्र्याची तपासणी केली. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती झटकन जागेवर आली म्हणजे अंगात पाणी पुरेसे आहे. हिरड्या पाहिल्या, छातीला नळी लावली, बोटांच्या बेचक्या उघडून पाहिल्या. त्या दिवशी बर्फ खडीसाखरेसारखे खरखरीत होते, म्हणून सोळा पायांना सोळा कापडी मोजे चढवावे लागले. उघड्या बोटांनी हे काम फार वेळ करता येत नाही. दोन मोजे चढवावयाचे आणि हात काखेत घालावयाचे, असे चालले होते. आम्ही तीन थर कपड्यांत कुडकुडत होतो, आणि बाई म्हणत होत्या की हवा कुत्र्यांना अगदी बेताची आहे. या कुत्र्यांना थंडीचा त्रास नसतो, उकाड्याचा असतो. आपल्यासारखा सर्वांगाला घाम त्यांना येत नाही. उष्णता जावयाची ती मुख्यतः धापेवाटे.

दोन-दोन मिनिटांच्या अंतराने गाड्या सुटत होत्या. आमचा क्रमांक नववा. मोजणाऱ्याने पाच, चार, तीन केले, मागची दोरी सुटली, आणि त्या क्षणी जे घडले त्याची कल्पना आम्हांला कोणी आधी दिली असती तरी आली नसती. आवाज थांबला. सगळा गोंगाट एकदम नाहीसा झाला. किंचाळणारी चार तोंडे मिटली, पाठी सरळ झाल्या, आणि उरला तो फक्त पट्ट्यांचा बर्फावरचा सरसर आवाज आणि श्वास. दोन्ही बाजूंना स्प्रूसची काळी झाडे, मध्ये बैलगाडीच्या वाटेएवढी वाट. आळंदीच्या वाटेवर पखवाज थांबल्यानंतर जी शांतता येते तिची आम्हांला आठवण झाली.

पण उभे राहून शांतता चाखावयास फार वेळ मिळत नाही. वळणावर अंग कलते करावे लागते, नाहीतर गाडी झाडाला भेटते. उतारावर ब्रेक दाबून दोर ताठ ठेवावा लागतो, नाहीतर गाडी मागच्या जोडीच्या पायांवर जाते. चढावर उतरून मागून ढकलत धावावे लागते. पहिल्या चढावर आम्ही धावलो आणि दम लागून पुन्हा पट्टीवर उभे राहिलो, तेव्हा मूसने मान वळवून मागे पाहिले. त्या नजरेत काय होते ते सांगत नाही. एवढेच सांगतो, की आम्ही पुन्हा उतरलो. चौथ्या मैलाला मागून "ट्रेल!" अशी हाक आली. मागचा पुढे जाऊ इच्छितो, वाट द्या, असा तिचा अर्थ. नियमाप्रमाणे आम्ही वेग कमी केला आणि तो अकरा वर्षांचा मुलगा आमच्या शेजारून पुढे गेला. जाताना मोठ्या अदबीने "थँक यू, सर" म्हणाला.

सहाव्या मैलाच्या सुमारास बर्फावर एक गुलाबी ठिपका दिसला, आणि थोड्या अंतरावर दुसरा. टिलीचा दोर ताठ होता. चाल मात्र बिघडली होती. दर पावलाला तिची मान किंचित वर जात होती. आकडा रोवून आम्ही पुढे गेलो. पुढच्या डाव्या पायातला मोजा निघून पडला होता, आणि दोन बोटांच्या मध्ये बर्फाची गोळी अडकून कातडी फाटली होती. जखम नखाएवढी. गोळी काढली, नवा मोजा चढवला. टिली सारा वेळ पुढे उडी घेत होती. उरलेली तिघे ओरडू लागली होती. दोन मैल उरले होते, आणि तिने ते निःसंशय धावून काढले असते. हाच तर पेच होता. तिला विचारून निर्णय करावयाचा असता तर निर्णय झालेलाच होता.

आम्ही तिला सोडवली आणि गाडीवरच्या कापडी पिशवीत बसवून तोंड तेवढे बाहेर राहील असा बंद ओढला. सुरुवातीला जेवढी कुत्री जुंपली तेवढी शेवटी आणलीच पाहिजेत, मग दोराला असोत वा गाडीत, असा नियम आहे. वाटेत कुत्रे सोडून जाता येत नाही. हा नियम ज्यांनी केला त्यांना आम्ही मनोमन नमस्कार केला. टिलीने मात्र आम्हांला क्षमा केली नाही. पुढचे दोन मैल तिने आमच्या पोटाशी बसून असा हंबरडा फोडला, की वाटेवरच्या स्वयंसेवकांना मोठा अपघात झाला असे वाटले. तिघांवर चौघांचा भार, त्यात प्रवासी म्हणून टिली. चढावर तर आम्हीच चौथे कुत्रे झालो. आणखी चार गाड्या पुढे गेल्या. शेवटच्या सरळ वाटेवर गावची पंधरा-वीस माणसे अजून उभी होती. ती टाळ्या वाजवू लागली तशी पर्लने कान टवकारले आणि पहिला नंबर आल्याच्या थाटात आम्हांला रेषेपार नेले.

चौदांत आमचा क्रमांक चौदावा. या शर्यतींत शेवटी येणाऱ्याला लाल कंदील देण्याची चाल आहे. इडिटारोडच्या पहिल्या वर्षी पहिला आलेला डिक विल्मार्थ वीस दिवसांत पोहोचला आणि शेवटचा जॉन शुल्ट्झ बत्तीस दिवसांत. अजूनही शेवटची गाडी येईपर्यंत नोमच्या कमानीवर दिवा जळत ठेवतात. आम्हांला मिळालेला कंदील पत्र्याचा होता आणि त्यात वात नव्हती. बाईंनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. त्यांनी आधी टिलीचा पाय पाहिला, मग पिशवीच्या बंदाची गाठ पाहिली, आणि "कितव्या मैलाला थांबलात?" एवढेच विचारले. आम्ही सांगितले. "ठीक," म्हणाल्या, आणि कुत्र्यांना पाणी देण्यासाठी आमच्या हातात बादली दिली. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी कुत्री पुन्हा दिली, यावरून त्या 'ठीक'चा अर्थ आम्ही लावला. टिली दोन आठवड्यांत पुन्हा दोराला लागली होती.

आता त्या भागात नवीच अडचण आहे. बर्फच पडेनासे झाले आहे. २०२४ साली बेअरग्रीसची शर्यत बर्फाअभावी रद्द करावी लागली. इडिटारोडची सुरुवातही २००३, २०१५, २०१७ आणि २०२५ या वर्षी उत्तरेकडे फेअरबँक्सला हलवावी लागली. बर्फ नसलेल्या दिवसांत बाई चार चाकांची एक मोटारगाडी बंद ठेवून कुत्र्यांना तिला जुंपतात आणि चिखलातून ओढावयास लावतात. त्या गाडीलाही कासरा नाही. ब्रेक मात्र चांगला आहे, असे त्यांनी कळवले आहे.